काळूरामाच्या होडीची फळी

मित्रांनो, मला समोरून पाहाल तर म्हणाल, ही एक जुनी, तडकलेली, रंग उडालेली पाटी. म्हणा, माझी हरकत नाही. फक्त एकदा मला उलटी करून बघा. माझ्या पाठीवर निळा रंग आहे आणि त्या रंगात खिळ्यांच्या भोकांची सरळ रांग आहे. पाटीला कशाला लागतात एवढे खिळे? ते होडीचे खिळे. पाटी व्हायच्या आधी मी होडीची फळी होते आणि ही गोष्ट मी कुणी विचारो न विचारो, सांगतच असते.

मी अस्सल सागवानाची. रेवदंड्याच्या एका सुताराने मला तासली, आगीवर शेकून हळूहळू वाकवली आणि काळूरामाच्या होडीच्या डाव्या कुशीला ठोकून बसवली. काळूराम दर्यापाड्याचा. मांडव्याच्या दक्षिणेला, नारळीच्या झाडांमागे लपलेला हा छोटा कोळीवाडा. होडी पाण्यात लोटताना काळूराम माझ्यावर तीन थापा मारायचा, घरच्या बैलाला माराव्यात तशा. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला त्याने मला हा निळा रंग दिला. उरलेला रंग त्याच्या बायकोने, नीराबाईने, घराच्या दाराला फासला. दोघे दिवसभर हसत होते, कारण होडी आणि दार एकाच घरचे आहेत हे आता लांबूनही कळत होते.

एक्कावन्न सालच्या कार्तिकात वादळ झाले. होडी खडकावर आपटली. काळूराम परत आला नाही. मी परत आले, तिसऱ्या दिवशी, एकटीच, वाळूवर. ओहोटीला खेकडे शोधणाऱ्या बायकांनी हाक मारली तेव्हा नीराबाई आली आणि तिने तो निळा रंग ओळखला. ती रडली नाही. वाकून तिने मला खांद्यावर घेतले आणि कुणाचा हात न लावून घेता घरी नेले. दोन दगडांवर ठेवून तिने माझे बाकडे केले. त्यावर बसून ती मासळी निवडायची. माझ्याशी ती कधी बोलली नाही, पण उठताना हात टेकायची तो मात्र जरा वेळ तसाच ठेवायची.

आता नीराबाईचा धंदा सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. तिच्याकडे होडी उरली नव्हती. ती दुसऱ्यांच्या होडीवरून बोंबील घ्यायची, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवायची आणि किनाऱ्यावरच्या वलांडीवर टांगायची. वलांडी म्हणजे खांबांना दोर बांधून केलेली मासळी वाळवायची जागा. वाड्यातल्या सगळ्या बायकांच्या वलांड्या एकाला एक लागून होत्या. मासळी वाळली की तिच्या जुड्या बांधायच्या आणि टोपली डोक्यावर घेऊन अलिबागचा बाजार गाठायचा. तिचे पोट या दोरावर होते.

दीड-दोन वर्षांनी चंदर मुंबईहून परत आला. वाड्यातलाच तरणाबांड गडी, गोदीत काम करून आलेला. बाप गेल्यामुळे घरची होडी त्याच्याकडे आली होती. लोक मुंबईहून छत्री आणतात, फार झाले तर घड्याळ आणतात. याने एक इंग्रजी शब्द आणला.

"आपन सोसायटी काडायची," तो वाळूवर बसलेल्या माणसांना म्हणाला. "पन सादी न्हाय. को-ऑपरेटिव्ह."

बाळाजी तांडेल दोन होड्यांचा धनी. वाड्यात त्याने मान हलवली की काम झाले समजायचे. त्याने विचारले, "म्हंजे सरकारी?"

"न्हाय तांडेल. सरकारी म्हंजे सरकारची."

"मंग एकाद्या शेटची?"

"तीबी न्हाय. आपली. सगल्यांची."

"सगल्यांची म्हंजे कोनाची?" बाळाजी म्हणाला आणि सगळे हसले.

चंदरला अर्थ कळला होता, पण तो सांगता येत नव्हता. गोदीतल्या कामगारांचे धान्याचे एक दुकान होते, त्याच्या पाटीवर हा शब्द होता, आणि तिथे माप चोख मिळायचे, एवढे त्याने पाहिले होते. पण बर्फ मिळेल, लॉरी मिळेल, ताजी मासळी थेट मुंबईला जाईल, हे मात्र त्याने असे रंगवून सांगितले की सगळ्यांनी माना डोलावल्या. शब्द तर वाड्याला फारच आवडला. आठवडाभरात तो कशालाही लागू लागला. वेणूबाईची बकरी सात दारांत खाऊन यायची, ती को-ऑपरेटिव्ह बकरी झाली. चौघा मित्रांनी सदाच्या लग्नात पाळीपाळीने एकच कोट घातला, तो को-ऑपरेटिव्ह कोट. मला वाटते, त्या चेष्टेत शब्दाचा थोडाफार अर्थ वाड्याला लागलाच होता. पण चेष्टेतला अर्थ कुणी कागदावर लिहीत नाही.

एकटी नीराबाई हसत नव्हती. तिने चंदरला वाटेत गाठले.

"सगल्या होडींची मासली सोसायटीच्या बर्फात गेली, तर माज्या वलांडीवर काय टांगू रं? पदर?"

"तुलाबी सोसायटीत घेऊ काकी. सभासदाला मासली मिलनारच."

चंदरने त्याच दिवशी बाळाजीपुढे गोष्ट काढली. बाळाजीने मान हलवली, पण आडवी. "ज्याची होडी त्याची सोसायटी," तो म्हणाला. "होडी नसलेल्याला घेतलं तर उद्या सगला गाव यील." तिथे गोष्ट थांबली.

त्यात सोसायटीच्या नावाच्या पाटीसाठी चांगले लाकूड कुठे मिळेना. चंदर मान खाली घालून नीराबाईच्या दारात उभा राहिला. तिने त्याला बराच वेळ तसेच उभे ठेवले. मग मासळीची टोपली माझ्यावरून खाली उतरवली.

"ने. घरात पडून सडन्यापरीस दारावर लाग म्हनावं. पन पाठचा रंग खरवडू नको."

मित्रांनो, तिला सोसायटीत जागा नव्हती आणि सोसायटीला पाटी तिने दिली. अशा माणसांपुढे मी तेव्हाही नमत होते आणि आताही नमते.

होड्यांवर नावे रंगवणाऱ्या शिवदासने माझ्या पोटावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले: 'दर्यापाडा मच्छीमार को-ऑपरेटिव्ह सोसायटी'. अक्षरे इतकी डौलदार की वाचता न येणारेही येऊन बघून जायचे. जाळी ठेवायच्या खोलीच्या दारावर मला टांगली, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. आणि इथेच या भल्या माणसांची चूक झाली. कोळ्याची रीत अशी की होडीचे नाव आधी रंगवायचे, पूजा करायची आणि मग ती पाण्यात लोटायची. त्यांनी सोसायटीचेही तसेच केले. नोंदणी व्हायची होती, कागद अजून अलिबागलाही गेला नव्हता, पण नाव लावून मोकळे.

पुढे एकदाचा अर्ज गेला आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी अलिबागहून सहकार खात्याचे अधिकारी आले, दिनानाथराव. सडपातळ, सायकलवर, पँटचा पाय क्लिपने आवळलेला. ते खोलीत शिरलेच नाहीत. दारात उभे राहून त्यांनी मला वाचले.

"ही पाटी कुणी लावली?"

"आमी सगल्यांनी," चंदर कौतुकाने म्हणाला.

"यातला एक शब्द तुम्हाला लावता येणार नाही. नोंदणी झाल्याशिवाय को-ऑपरेटिव्ह म्हणवून घ्यायला कायद्याची बंदी आहे. आजच्या आज झाका तो."

"पन सायेब, होडीचं नाव पान्यात घालायच्या आदीच..."

दिनानाथरावांना हसू आले. माणूस कडक होता, पण तिरसट नव्हता. "होडीचं नाव नुसतं नाव असतं हो. हा शब्द नाव नाही, विशेषण आहे. गुण सांगणारा शब्द. गोड आंबा म्हणायचं तर आंबा आधी पिकावा लागतो. इंग्रजीत हा शब्द साध्या माणसालाही लावतात, जो दुसऱ्याच्या हाताला हात देतो त्याला. पण संस्थेला लावला की त्याचं वजन वाढतं. मग मालक तेच, राबणारे तेच आणि ठरवणारेही तेच, असं असावं लागतं. आपण मराठीत सहकारी म्हणतो."

कुणीतरी चुन्याचे डबडे आणले. चंदरने शिडीवर चढून माझ्यावरचा तो एक शब्द पांढरा केला. मला काय वाटले म्हणून विचारता? वादळात फुटले तेव्हा दुखले होते, पण लाज वाटली नव्हती. ती त्या दिवशी वाटली. गर्दीच्या मागे नीराबाई उभी होती. तिला वाचता येत नव्हते. आपल्या घरवाल्याच्या फळीवर काहीतरी फासले जाते आहे, एवढे तिला दिसले.

"काय पुसलं रं?" तिने विचारले.

"तो शबुद, काकी. अजून आपला झाला न्हाय म्हनतात."

"माजा तर नव्हताच," ती म्हणाली.

आत यादीचे वाचन सुरू झाले. दार उघडेच होते, मला सगळे ऐकू येत होते. नोंदणीला कमीत कमी दहा सभासद लागत. यादीत दहा नावे होती, पण बाळाजीचे नाव दोनदा.

"हे काय?"

"माज्या होड्या दोन, म्हनून नावं दोन. मतंबी दोन," बाळाजी म्हणाला.

"तांडेल, इथे होड्या मोजत नाहीत, माणसं मोजतात. तुमच्या दोन असोत की वीस, मत एकच. नाहीतर तो शब्द लावायचा कशाला?" दिनानाथरावांनी एक नाव खोडले. "नऊ झाले. एक माणूस कमी पडतो."

चंदर उठून उभा राहिला. "नीरा काकीला घ्या."

"होडी कुठं हाय तिची?" बाळाजीचा आवाज चढला. "होडी न्हाय तो दर्याच्या गोष्टी ठरवनार?"

दिनानाथरावांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले. "कुणाला घ्यायचं ते मी सांगणार नाही. ते तुम्हीच ठरवायचं असतं. ठरत नसेल तर मी कागद परत नेतो." त्यांनी कागद पिशवीत घातले आणि बाहेर येऊन सायकलला हात लावला.

तेवढ्यात वेणूबाई ओरडली, "आलाऽऽ!"

दक्षिणेकडून काळे आभाळ उठले होते. मार्गशीर्षात पाऊस म्हणजे वाळत्या मासळीचा काळ. चार थेंब पडले नाहीत तोच घराघरांतून बायका धावत सुटल्या. टोपल्या, सुपे, गोणपाट, हाताला येईल ते घेऊन. नीराबाई सगळ्यांत पुढे होती. पण ती आपल्या वलांडीकडे वळली नाही. ती आणि मागून सगळ्या जणी मधल्या एका लांबलचक वलांडीवर तुटून पडल्या आणि दोरावरचे बोंबील सपासप ओढून टोपल्यांत भरू लागल्या.

दिनानाथराव माझ्याखाली, दाराच्या आडोशाला थांबले होते. शेजारी बाळाजी.

"ती बाई कुणाची मासळी काढते आहे?" दिनानाथरावांनी विचारले.

बाळाजी म्हणाला, "माजी."

"मग तिची कुठे आहे?"

"ती पार शेवटची. सकालीच टांगलीय, वली हाय."

"आणि ती आधी स्वतःची का काढत नाही?"

"तशी रीत न्हाय सायेब." आता बाळाजी अगदी सहज बोलू लागला, पोराला समजावावे तसा. "जी वालत आली ती आदी काडायची. तिच्यात चार दिसांचं ऊन असतं. ती भिजली का गेलीच. वली मासली मीठ लावून वाचती कशीबशी. वलांडी कोनाची ते बगायचं न्हाय. आमच्या आयांच्या येलेपासून असंच हाय."

"आणि जिची भिजली तिचं काय?"

"तिला सगल्यांनी आपल्या कोरड्यातली एक-एक जुडी द्यायची. ना मागायचं, ना बोलायचं."

"हे कुणी ठरवलं?"

"कोन ठरवनार? सगल्यांनीच," बाळाजी म्हणाला आणि बोलता बोलता थांबला.

दिनानाथरावांनी वर पाहिले, माझ्यावरच्या त्या पांढऱ्या ठिगळाकडे. पावसाच्या थेंबांनी चुना ओघळू लागला होता. ते हळू म्हणाले, "तांडेल, मी सकाळपासून ज्या शब्दाचा अर्थ सांगतो आहे, तो तुम्ही माझ्यापेक्षा चांगला सांगितलात."

नीराबाई भरलेली टोपली घेऊन दारात आली. नखशिखान्त भिजलेली. टोपलीवर मात्र तिने आपला पदर घातला होता आणि बाळाजीची मासळी कोरडी ठणठणीत होती.

"बाजूला व्हा तांडेल, पानी गलतंय," ती म्हणाली आणि टोपली आत नेऊन ठेवली.

बाळाजी बाजूला झाला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "सायेब, कागद काडा. धाव्वं नाव ल्हिवा. नीराबाई काळूराम."

आतून रावजी नावाचा एक होडीवाला म्हणाला, "पन तांडेल, होडी..."

बाळाजीने हात वर केला आणि बोट माझ्याकडे रोखले. "ही काय तिची होडी! दारावर टांगलीय. तिच्याच होडीची पाटी लावली आपन, आन तिलाच दाराभाईर ठेवलं!"

मित्रांनो, आजवर मला खूप जणांनी वाचले असेल. पण मी काय आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी वाचले. माझ्या सागवानाला पाझर फुटता तर तेव्हाच फुटला असता.

सगळे नीराबाईकडे बघू लागले. ती काहीतरी मोठे बोलेल असे त्यांना वाटले असावे.

"आदी मीठ द्या कोनीतरी," ती म्हणाली. "माजी मासली भिजतेय तिकडं."

मग जे झाले ते मी विसरणार नाही. बाळाजी तांडेलाने मिठाची गोणी स्वतःच्या पाठीवर घेतली आणि पावसात शेवटच्या वलांडीकडे धावला. त्याच्यामागे उरलेले आठही होडीवाले. अंगठा उमटवायला नीराबाई तासाभराने आली. तिच्या हाताला मीठ होते, त्यामुळे शाई नीट बसली नाही आणि ठसा थोडा फाटका आला. दिनानाथरावांनी तो तसाच घेतला. त्या संध्याकाळी तिच्या ओटीवर कोरड्या बोंबलांच्या जुड्यांचा ढीग लागला, आणि त्यात सगळ्यांत जाड जुडी कुणाची होती ते मी सांगायला नको.

फाल्गुनात नोंदणीचा कागद आला. चुना पुसायला चंदर शिडीवर चढू लागला, तेव्हा नीराबाईने त्याला खाली उतरवले. ओले फडके घेऊन ती स्वतः चढली आणि एकेक अक्षर मोकळे केले. चुन्याने रंग जरा खाल्ला होता. तो एक शब्द इतरांपेक्षा फिका राहिला, आणि माझ्या मते त्यामुळेच लोकांची नजर आधी तिकडे जाई. नीराबाईने शेवटी त्यावरून बोट फिरवले आणि खाली उभ्या चंदरला विचारले, "यो काय?" चंदरने वाचून दाखवले. तिने तो मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला आणि खाली उतरली.

पुढची दहा-बारा वर्षे भरभराटीची गेली. बर्फाची खोली झाली, लॉरी येऊ लागली. दुसऱ्या वर्षी वेणूबाई सभासद झाली, मग एकेक करून आणखी बायका. नीराबाई पंचांत बसू लागली. तिथे ती फार कमी बोलायची, पण 'होडी नसलेल्यांचं काय?' हा प्रश्न दर बैठकीत एकदा तरी विचारायची. बाळाजी म्हणायचा, "आला का तुजा सवाल? बस, आता बैठक सुरू झाली." लांबलांबच्या वाड्यांतून लोक सोसायटी बघायला येत, माझ्याखाली उभे राहून पान खात आणि आपल्याकडेही अशी पाटी लावू म्हणत. तेव्हा चंदर त्यांना आधी किनाऱ्यावर, वलांड्यांकडे घेऊन जायचा.

चौसष्ट साली पत्र्याची नवी पाटी आली, लाल अक्षरांची, 'सहकारी' असे लिहिलेली. ती चांगली आहे, माझा तिच्यावर राग नाही. मला मात्र खोलीच्या कोपऱ्यात उभी केली. माझ्यावर तेलाचे डबे आले, तुटके वल्हे आले, उंदरांनी एक कोपरा कुरतडला. दोन वर्षांत एकाही माणसाने मला उलटून पाहिले नाही. ज्यांनी माझी पूजा केली होती तेच माझ्याकडून ठेच लागली म्हणून करवादत.

मला बाहेर काढले नीराबाईनेच. आता तिचे केस पिकलेत, कंबर वाकलीय. वलांड्यांजवळ ठेवायच्या मिठाच्या पेटीला झाकण हवे होते. तिने डबे सरकवले, मला ओळखले आणि परत एकदा खांद्यावर घेतले. या वेळी मात्र वेणूबाईने दुसरे टोक धरले आणि तिने धरू दिले.

तर मित्रांनो, सध्या मी मिठाच्या पेटीचे झाकण आहे. निळी बाजू खाली, अक्षरे वर. खाऱ्या वाऱ्याने अक्षरे जवळजवळ गेली. तो फिका शब्द सगळ्यांत आधी गेला. पण अवकाळी आभाळ आले की अजूनही कुणीतरी 'आलाऽऽ' म्हणून ओरडते आणि मला उचलायला एकदम चार-पाच हात येतात. हात कुणाचे ते मी बघत नाही.

माझे तुमच्याकडे मागणे थोडेच आहे. जुन्या लाकडाला वर्षातून एकदा तेलाचा हात द्या, आणि अडगळीत टाकायच्या आधी त्याची पाठ बघा. आणि कधी आमच्या किनाऱ्यावर आलात आणि पाऊस आला, तर आडोशाला उभे राहून मजा बघू नका. जी मासळी वाळत आली असेल तिच्याकडे धावा. कोणाची आहे ते मागाहून विचारा.